गणपतीच्या डोळ्यांची म्हातारी

आधी नाकाला रुमाल लावा, मित्रांनो, आणि मगच पुढे वाचा. मी एक जुना फडका आहे. भांडी पुसायचा नव्हे, तैलरंगांचा. जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन माझ्या धाग्याधाग्यात इतकं मुरलंय की रोह्याच्या मासळीबाजारातली मांजरंसुद्धा मला हुंगून तोंड फिरवतात. मलाच माझी किळस येते, तिथे तुमची काय कथा!

जन्मतः मी असा नव्हतो. मी लुंगी होतो, लुंगी! निळ्या-पांढऱ्या चौकड्यांची, कडक खळीची. आमनाबींनी ईदच्या आधी बाजारातून मला निवडून आणलं आणि आपल्या नवऱ्याच्या, म्हणजे याकूब सरांच्या हातात ठेवलं. सर तेव्हा शाळेत चित्रकला शिकवायचे. संध्याकाळी घरी आले की पॅंट खुंटीला आणि मी कमरेला. आठवड्यातून दोनदा धुणं, अंगणात उन्हात वाळणं, व्यवस्थित घडी आणि कपाटात अत्तराच्या कुपीशेजारी जागा. सात वर्षं मी अशी इभ्रतीत काढली.

मग मी गुडघ्यावर विरलो. आमनाबींनी मला टर्रकन फाडलं आणि चार तुकडे केले. एक तुकडा माठाखाली गेला, तो नशीबवान. दुसरा फरशीला. तिसरा सरांच्या मुलाच्या मोटारसायकलला. मुलगा धाटावच्या कंपनीतली शिफ्ट संपवून आला की चेनचं काळं तेल त्या बिचाऱ्याला फासायचा. चौथा मी. मला सरांनी मागून घेतलं. "हा माझ्या रंगांना राहू दे," म्हणाले. मी काय फुशारलो! म्हटलं, चला, आपण कलेच्या सेवेत चाललो. मूर्ख होतो, दुसरं काय.

कलेची सेवा म्हणजे काय ते दुसऱ्याच दिवशी कळलं. ब्रशाच्या बुडाशी साठलेला चिकट चोथा माझ्या अंगावर पिळायचा. तेलाची बाटली गळली की पुसायला मी. पॅलेटवरचा शिळा रंग खरवडला की तो गोळा मला. एकदा तर सरांनी बोंबलाचं कालवण खाल्लेला हात घाईघाईत मलाच पुसला. शी! आणि तैलरंग काही पाण्याच्या रंगासारखा पटकन वाळत नाही, मित्रांनो. आठ-आठ दिवस तो ओला, गिळगिळीत, अंगावर बसून राहतो. साबणाला दाद देत नाही. तसं मला साबण दाखवायचे कष्ट कोणी घेतलेच नाहीत म्हणा.

सर निवृत्त झाल्यावर घराच्या मागच्या खोलीत शिकवू लागले. तिथे उत्तरेची मोठी खिडकी, चित्र टेकवायचं लाकडी ईझल, एक खुर्ची आणि भिंतीवर टाचलेली एक छापील म्हातारी. कुठल्याशा थंड देशातल्या चारशे वर्षांपूर्वीच्या तैलचित्राची ती प्रत होती. कोणी काढलंय ते सरांनी दहा वेळा सांगितलं असेल, पण ते परदेशी नाव माझ्या डोक्यात कधी बसलं नाही. डोक्याला घट्ट पांढरी टोपी, काळा पोशाख, एका बाजूने उजेड आणि डोळे खोल सावलीत बुडालेले. पोर्ट्रेट शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सर आधी हीच म्हातारी हुबेहूब उतरवायला लावायचे. कोणी महिनाभर टिकायचं, कोणी दोन. जाताना सगळे हात मात्र मलाच पुसून जायचे.

गेल्या वर्षी गणपतीचं विसर्जन झालं आणि चार दिवसांनी सगुणा आली. हमरापूरची, चाळिशीला टेकलेली. तिच्या घरी गणपतीच्या मूर्ती होतात आणि आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम, तिच्याकडे असतं. ते तिला तिच्या आईने, ठमाबाईंनी शिकवलं. ठमाबाईंनी चाळीस वर्षं डोळे काढले. आणि आता त्यांच्याच डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. बाजूचं दिसेनासं झालेलं, नाकासमोरचं तेवढं नळीतून बघितल्यासारखं दिसायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलं ते परत येणार नाही आणि उरलेलं किती महिने टिकेल याचा भरवसा नाही.

"सर, आय एकदा कारखान्यात बोलली," सगुणा उभ्याउभ्याच सांगू लागली. "एवढ्या देवांची तोंडं रंगवली गो, पन माझं तोंड कुनी काढलं नाय. ते माझ्या मनाला लागलं. मना तिचं चित्र काढायचंय. तेलातलं. तिला दिसतंय तवर."

"फोटो असतील की मोबाईलमध्ये," सर म्हणाले.

"फोटो मोबाईल काढतो. मी काढलेलं तिला दावायचंय मना."

सरांनी भिंतीवरच्या म्हातारीकडे बोट दाखवलं. "मग आधी ही. ही जमली की त्या खुर्चीत आईला आणून बसव. ही जमायच्या आधी आईला हात घातलास तर तिचंही वाटोळं करशील, बघ."

सगुणा कबूल झाली. दर गुरुवारी आणि रविवारी ती पेणहून एसटीने यायची, दुपारी बसायची आणि पाचच्या गाडीने परत जायची. सरांची पद्धत अशी होती की आधी सगळ्या कॅनव्हासवर पातळ तपकिरी रंग फासायचा आणि मग फडक्याने पुसत पुसत उजेड बाहेर काढायचा. जिथे पुसलं तिथे गाल, जिथे राहिलं तिथे सावली. म्हणजे चित्राची सुरुवात ब्रश करत नाही, मित्रांनो, मी करतो. सगुणाने पहिल्याच दिवशी माझं टोक बोटाला गुंडाळून त्या म्हातारीची टोपी, कपाळ आणि नाक असं काही उजळून काढलं की सर पुढे झुकले. "बघितलंस? अर्धं चित्र या फडक्याने काढलं," असं म्हणाले ते. माझ्या उभ्या आयुष्यातली ती पहिली स्तुती. त्यानंतर लगेच त्यांनी मला शिंकून नाक पुसलं, तो भाग सोडा.

घोडं अडलं ते डोळ्यांपाशी.

गणपतीचे डोळे तुम्ही पाहिलेत ना? बारीक ब्रशाने, श्वास रोखून, एका दमात ओढलेली रेघ. लांब, शांत, कडेला किंचित वर वळलेली. मूर्तीवर ती काय सुंदर दिसते! सगुणाच्या हातात ती रेघ लहानपणापासून बसलेली. तेव्हा परदेशी म्हातारीच्या डोळ्यांपाशी आल्यावर तिचा हात आपला आपण थांबला, श्वास आत गेला आणि फर्रकन रेघ उमटली. वरची पापणी, खालची पापणी, मधे काळंभोर बुबुळ, त्यात पांढरा ठिपका. झालं! सुरकुतलेल्या, खंगलेल्या, दात पडलेल्या त्या बाईच्या तोंडावर गणपतीबाप्पाचे प्रसन्न डोळे. असं वाटलं, आता ही मोदकच मागणार.

"पूस," सर म्हणाले आणि मला तिच्या हातात दिलं. "रंग ओला आहे तोवर पूस. सावलीत रेघ नसते, सगुणा."

सगुणाने मला धरलं खरं, पण डोळ्यांपर्यंत नेलं नाही. "डोलं नाय पुसायचं मी, सर."

ठमाबाईंच्या पाटावरचा तो नियम होता. एकदा आखलेल्या डोळ्यावर फडका फिरवायचा नाही. आखणी चुकली तर मूर्ती बाजूला ठेवायची आणि पुढे हलक्या हाताने पाण्यात सोडायची. पण डोळा पुसायचा नाही म्हणजे नाही. सगुणा सात वर्षांची असल्यापासून हे ऐकत आली होती. तिने तो कॅनव्हास उचलला, भिंतीला टेकवला आणि नवा घेतला.

आणि सरांचाही एक नियम होता. शिकणाऱ्याच्या चित्राला गुरूने हात लावायचा नाही. ज्याचं त्याने पुसायचं. सगळं आयुष्य त्यांनी तो पाळला होता. आता बोला! एक पुसेना, दुसरा पुसून देईना, आणि मी दोघांच्या मधे स्टुलावर पडलेला, अंगावर तपकिरी चिखल घेऊन. ज्या कामासाठी माझा जन्म वाया घालवला ते एकच काम माझ्याकडून करून घेत नव्हते. चीड नुसती!

दिवाळी आली आणि गेली. एका कॅनव्हासला तीन-तीन आठवडे लागायचे. भिंतीला दोन म्हाताऱ्या झाल्या, तीन झाल्या, चार झाल्या. चौघींच्या टोप्या सुरेख, गाल सुरेख, हनुवटीवरचा एकेक केस सुरेख आणि डोळे गणपतीचे. खोलीत पाऊल टाकावं तर आठ डोळे एकदम आपल्याकडे बघत हसायचे. मला तर त्यांची किळस यायची. आमनाबी चहा घेऊन यायच्या त्या दारातूनच कप पुढे करायच्या. "या अल्ला, किती ह्या बाया! सगुणा, यांना तोंड फिरवून ठेव गो, मला भीती वाटते."

इकडे ठमाबाईंचा उजवा डोळा डिसेंबरात पूर्ण विझला. डाव्यात जेमतेम रुपयाएवढा उजेड राहिला. सगुणाने हे सरांना सांगितलं तेव्हा ती ब्रश धुवत होती. नुसती धुवतच राहिली. ब्रश केव्हाच स्वच्छ झाला होता.

त्याच आठवड्यात तिच्या थोरल्या बहिणीचा मुलगा मितेश तिला न्यायला मोटारसायकलवर आला. पेणला त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे, चांगला तिशीचा बाप्या. काखेत त्याने एक चित्र आणलं होतं, कुणाच्या तरी आजोबांचं. लांबून अस्सल तैलचित्र. जवळून बघाल तर फोटो कॅनव्हासवर छापलेला आणि वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारलेले, ब्रश फिरल्यासारखे दिसावेत म्हणून.

"मावशी, कशाला मरतेस उगाच?" तो म्हणाला. "आजीचा फोटो दे, परवा छापून आनतो. वरून जेल मारला की सगले हातानं काढलंय असंच बोलतात. आजीला काय कलतंय आता?"

शेवटचं वाक्य ऐकून मला त्याची शिसारी आली. पण त्याहून वाईट म्हणजे सगुणाने त्या जेलवरून बोट फिरवलं आणि हळूच विचारलं, "परवा?"

सर खिडकीकडे बघत होते. ते न वळताच म्हणाले, "आई विचारेल, हे तू काढलंस का? तेव्हा काय सांगायचं ते आजच ठरवून ठेव."

सगुणाने जेलवरचं बोट काढून घेतलं. मग तिने ते चित्र मितेशच्या हातात परत दिलं. मितेश हसला, "तुमची मर्जी," म्हणाला आणि जेलने चिकट झालेली बोटं जाताजाता मला पुसून गेला. तेलाचा रंग निदान खरा तरी असतो हो! ते जेल वाळल्यावर माझा तो कोपरा प्लॅस्टिकसारखा कडक झाला. आजही तिथे कोणाचा हात लागला की मला अंग आक्रसून घ्यावंसं वाटतं.

पाचवी म्हातारी संक्रांतीनंतर झाली. पुन्हा तेच डोळे! त्या गुरुवारी सगुणा मान खाली घालून घरी गेली, आणि रविवारी आली ती आईचा हात धरून. ठमाबाई म्हणजे चणीने एवढ्याशा, पाठीत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत.

"चार म्हयने हिकडं येऊन काय करते ती माझी पोर, ते बघायला आले, मास्तर," त्या म्हणाल्या. "घरी इचारलं तर रडते नुसती."

सरांनी त्यांना ईझलपाशी नेलं. ठमाबाईंनी चित्रापासून वीतभर अंतरावर तोंड नेलं आणि डाव्या डोळ्याने तुकड्यातुकड्याने चित्र बघितलं. आधी हनुवटी, मग ओठ, मग गाल. मान डोलावत होत्या. डोळ्यांशी आल्या आणि एकदम मागे सरल्या.

"शी गो!" त्या ओरडल्या. "ह्ये काय केलंस? ही बाय बघ, खंगलेली, दात पडलेलं, जल्मभर राबलेली. आन तू तिला देवाचं डोलं लावलंस? कुनाचं तोंड आन कुनाचं डोलं! किलस येते बघून."

त्या क्षणी मला त्या बाईच्या पायांवर लोळण घ्यावीशी वाटली. चार महिन्यांत माझ्या मनातलं कोणीतरी बोललं होतं.

"मना दिसतंय ते, आये," सगुणा रडवेली झाली. "पन पुसू कशी? आखलेल्या डोल्यावर फडका नाय, तूच शिकवलंस ना?"

"अगो येडे, देवाच्या डोल्यावर बोलले मी! मूर्ती लोकांच्या घरी जाते, तिच्यात देव बसतो, म्हनून. हिच्यात कोन बसलाय?" ठमाबाईंनी हवेत हात पुढे केला. "आन तो फडका हिकडं."

सरांनी मला त्यांच्या हातात दिलं. ठमाबाईंनी मला नाकाशी नेलं. "मेल्या, काय घान वास मारतोस!" म्हणाल्या. मला राग आला नाही. त्यांनी बोटांनी चाचपून कॅनव्हासची कड धरली, डोळे कुठे आहेत ते तोंड जवळ नेऊन बघितलं आणि चाळीस वर्षं ज्या हाताने डोळे काढले त्या हाताने मला त्यांच्यावरून फिरवलं. एकदा, दोनदा. प्रसन्न डोळे माझ्या अंगावर आले आणि चित्रात राहिले ते नुसते दोन तपकिरी खड्डे. सगुणाने तोंडावर हात धरला होता.

"झालं. काय वीज नाय पडली," ठमाबाई म्हणाल्या आणि दमून मागच्या खुर्चीत बसल्या.

ती खुर्ची खिडकीशी होती. उजेड त्यांच्या तोंडावर एका बाजूने पडला, भिंतीवरच्या चित्रात पडलाय तसाच. सगुणाने भिंतीकडे बघितलं. मग खुर्चीकडे बघितलं. आणि तिने मला उचललं, स्वतःच्या हाताने, कोणी न सांगता. एका खड्ड्यात बोट फिरवून तिने जरासा उजेड काढला. चुकला. पुसला! पुन्हा काढला, पुन्हा पुसला. त्यानंतर तिने भिंतीवरच्या म्हातारीकडे एकदाही बघितलं नाही. सरांच्या ते लक्षात आलं. चहा घेऊन आलेल्या आमनाबींना त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

दोन तास सगुणा पुसत होती आणि काढत होती. सुजलेली डावी पापणी आली. उजव्या डोळ्याची विझलेली नजर आली. कुठेही रेघ नाही. मग गाल बदलले, ओठ आत गेले, हनुवटीवरचे परदेशी केस गेले. मी चिंब झालो, चिकट झालो, माझी एक चौकडी कोरडी उरली नाही आणि त्या दिवशी मी एकदाही नाक मुरडलं नाही.

पाचची गाडी चुकली तेव्हा सगुणाने ब्रश खाली ठेवला.

"ही कॉपी नाही," सर म्हणाले. "कॉपीत तू नापास. आईंना दाखव."

चित्र कोणाचं आहे ते ठमाबाईंना कोणी सांगितलं नव्हतं. त्या उठल्या, पुन्हा वीतभर अंतरावर उभ्या राहिल्या आणि खालून वर बघू लागल्या. हनुवटी. ओठ. आत गेलेले गाल. मग डोळे. तिथे त्या थांबल्या. किती वेळ थांबल्या, देव जाणे. सगुणा पदराचं टोक पिळत होती. ठमाबाईंनी एक बोट वर उचललं, स्वतःच्या सुजलेल्या पापणीला लावलं आणि परत खाली आणलं. मग त्यांची नजर कपाळावरून आणखी वर सरकली.

"गो सगुने," त्या म्हणाल्या, "ही टोपी कुनाची घातलीस माझ्या डोक्यावर?"

सगुणा आईच्या गळ्यात पडून इतकी मोठ्याने रडली की आमनाबी धावत आल्या.

होळीच्या आत ठमाबाईंचा डावा डोळाही गेला. चित्र हमरापूरच्या घरात लागलंय, टोपीसकट. सगुणाने टोपी काढून पदर रंगवायचं ठरवलं होतं, पण ठमाबाई म्हणाल्या, मी बघितलंय तसंच राहू दे.

आता माझं गाऱ्हाणं ऐका, मित्रांनो, आणि सुटा. मोठ्यांनी एखादं काम करू नको म्हटलं असेल तर कशासाठी म्हटलं ते त्यांना वेळेत विचारून घ्या. सगुणाने पहिल्याच महिन्यात विचारलं असतं तर तिच्या आईने दोन्ही डोळ्यांनी चित्र बघितलं असतं. चुकलं तर ओलं आहे तोवर पुसा. आणि पुसून झालं की आम्हा तेलकट फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात भिरकावू नका. तेलाचा बोळा आतल्या आत तापतो आणि कधी कधी पेटतोसुद्धा. दोरीवर पसरून वाळत घाला, एवढं तरी आमचं देणं लागता तुम्ही.

मी सध्या सरांच्या खिडकीच्या गजाला लटकतोय. अंगावर बोंबलाचा वास आहे, मितेशचं जेल आहे, सतरा शिकाऊंचा चिखल आहे. आणि मधोमध दोन काळे डाग आहेत, ठमाबाईंनी पुसलेल्या डोळ्यांचे. तेवढे दोन सोडले तर बाकी सगळ्याची मला अजूनही शिसारी येते.